घरी 'ओव्हर' कोण घेतं?

रातपाळी | रविवार, रात्री ११:५२

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी २३ वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. त्यातली नऊ वर्षं आयसीयूत. राहायला डोंबिवलीला. घरी आई आहे, वय ८१, स्मृतिभ्रंश सुरू होऊन चार वर्षं झाली. नवरा साइटवर असतो, महिन्यातून दोनदा येतो. मुलगा बारावीला.

मागच्या मंगळवारी नाईट करून सकाळी साडेनऊला घरी पोचले. दिवसाची बाई आलीच नव्हती, फोन बंद. मुलगा क्लासला निघून गेलेला. आईने डायपर काढून टाकला होता आणि तशीच घरभर फिरली होती. मी सगळं पुसलं, तिला आंघोळ घातली, कपडे बदलले. पंधरा मिनिटांत पुन्हा तेच. मी तिचं मनगट धरलं आणि अशी ओरडले की शेजारच्या वहिनी धावत दाराशी आल्या. संध्याकाळपर्यंत आईच्या मनगटावर माझी बोटं उठलेली दिसत होती.

त्याच रात्री वॉर्डात एका आजींनी माझ्या अंगावर उलटी केली होती. "असू द्या आजी, होतं असं," म्हणत मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. ती बाई आणि ही बाई एकच आहे, हे मला अजून पचत नाहीये.

आमच्याकडे पाळी बदलताना 'ओव्हर' देतात. येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक पेशंटचं सगळं सांगायचं. कुणाची सलाइन कुठवर आली, कुणाला रात्री ताप होता, कुणाचे नातेवाईक चिडलेत. एकदा ओव्हर झाली की ते पेशंट तिचे, मी पर्स उचलून निघायला मोकळी. चार वर्षांत घरी मी एकदाही ओव्हर दिलेली नाही. द्यायला माणूसच नाही.

आजाऱ्याचं घरी करणारे, दवाखान्यात करणारे, किंवा माझ्यासारखे दोन्हीकडे करणारे, तुम्ही मन शाबूत कसं ठेवता? ध्यान करा, स्वतःसाठी वेळ काढा, हे ऐकून झालंय. तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत ते सांगा.

अबोली | सोमवार, सकाळी ७:१५

ताई, मनगटाचं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. माझ्याकडून सासऱ्यांच्या बाबतीत झालंय. वाटी आपटली होती त्यांच्यासमोर. नंतर मोरीत जाऊन रडले. तीन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

वसईची_केळी | सोमवार, सकाळी ७:४०

+१. लोकलमध्ये उभी आहे, रात्री सविस्तर लिहिते.

गिरणगावकर | सोमवार, सकाळी ९:०५

रातपाळी यांच्याबद्दल आदर आहे, तरी स्पष्ट लिहितो. लालबागला आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आजी सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. आईने सगळं केलं. वडिलांची गिरणीत पाळी, आम्ही चार भावंडं. मानसिक आरोग्य हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. आईबापाचं करणं हे कर्तव्य आहे, त्यात कसली आली ओव्हर? हल्ली प्रत्येक त्रासाला आजाराचं नाव देण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही.

दुसरा_मजला | सोमवार, सकाळी ९:५०

गिरणगावकर काका, मीही चाळीतलीच, करी रोडची. तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे बघा. आमची पणजी पडून होती तेव्हा आई नळावर पाण्याला गेली की समोरच्या काकू चटणीचा पाटा-वरवंटा घेऊन आमच्या खोलीत येऊन बसायच्या. त्यांची चटणी वाटून व्हायची आणि पणजीजवळ माणूसही असायचं. दुपारी गॅलरीतल्या बायका तांदूळ निवडायला आमच्याच दारात. रात्री पणजीला उचलायचं असेल तर कोपऱ्यातल्या खोलीतले दोघं भाऊ बोलवायच्या आधी हजर. त्याला कुणी ओव्हर म्हणत नव्हतं, पण दिवसातून दहादा ती दिली-घेतली जात होती.

आता त्याच जागी टॉवर झालाय. बाविसाव्या मजल्यावर लॅच ओढलं की घरात कोण पडलंय हे शेजाऱ्याला कळतही नाही. तुमच्या आईला जे मिळालं ते रातपाळीताईंना मिळत नाहीये. त्या तेवढंच मागतायत.

अबोली | सोमवार, सकाळी १०:२०

चाळीचं खरं, पण त्याला फार सोनेरी मुलामा नको. माझी आत्या आजीचं करायला म्हणून लग्नावाचून राहिली. आजी गेली तेव्हा आत्या ५३ वर्षांची होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, ठरलं होतं. पुढे तिला झोपेच्या गोळ्या लागल्या त्या शेवटपर्यंत. शब्द नव्हता म्हणून त्रास नव्हता असं होत नाही, काका.

निवासी_डॉक | सोमवार, रात्री १:१०

इमर्जन्सी संपवून रूमवर आलो आणि हा धागा दिसला. झोपायला हवं, पण लिहितो.

१९९२ सालच्या केंद्राच्या निर्देशांत निवासी डॉक्टरला सलग बारा तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त ड्युटी नसावी असं म्हटलंय. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती गटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवली. बत्तीस वर्षांत अपेक्षाच ४८ वरून ७४ वर गेली. माझे मागच्या आठवड्याचे तास मी मोजले नाहीत. मोजले असते तर आईला फोनवर खोटं सांगावं लागलं असतं.

पहिल्या वर्षाची गोष्ट. डेंग्यूची नऊ वर्षांची मुलगी. पहाटे चारला गेली. वडिलांना सांगायला मीच पुढे होतो. ते काही बोलले नाहीत, खाली बसले. त्यांच्याबरोबरच्या एकाने माझी कॉलर धरली. सुरक्षारक्षक येईपर्यंत शर्टाची दोन बटणं तुटली होती. डॉक्टरांवर हल्ला केला तर महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. त्या क्षणी मला यातलं काही आठवलं नाही. मला फक्त त्या मुलीचे केस आठवत होते, दोन वेण्या आणि लाल रिबीन. आणि तीन मिनिटांत दुसऱ्या वॉर्डातून कॉल आला.

सकाळी लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होतो. इनचार्ज सिस्टरने दार उघडलं, बघितलं, परत लावलं. पाच मिनिटांनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आधी चहा, मग नोट्स." आजही मला कुणी विचारलं की तू टिकलास कसा, तर मला तो चहा आठवतो.

नंतर आमच्या युनिटच्या मॅडमनी शुक्रवारी दुपारी पाऊण तास सुरू केला. सेमिनार रूममध्ये खुर्च्या गोल मांडायच्या, फोन बाहेर. ज्याच्या डोक्यातून एखादा पेशंट जात नसेल त्याने बोलायचं. निदान काय चुकलं, औषध काय द्यायला हवं होतं, हे तिथे काढायचं नाही. त्या पेशंटमुळे आपल्या मनात काय झालं तेवढंच. मायकेल बॅलिंट नावाच्या मनोविश्लेषकाने लंडनमध्ये १९५० च्या दशकात फॅमिली डॉक्टरांना घेऊन असे गट चालवले होते, ही पद्धत तिथून आलेली. पहिले तीन शुक्रवार कुणी तोंड उघडलं नाही. चौथ्या शुक्रवारी मॅडम स्वतः बोलल्या, त्यांच्या वीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीबद्दल. त्यानंतर दार उघडलं. डॉक्टरांच्या हातून चूक होते तेव्हा रुग्णामागोमाग तो डॉक्टरही कोसळतो, यासाठी अल्बर्ट वू यांनी २००० साली 'सेकंड व्हिक्टिम' असा शब्द वापरला होता. मॅडम बोलत असताना मला तो शब्द पहिल्यांदा समजला.

पण रातपाळीताई, एक सांगतो. गोल खुर्च्यांनी पोट भरत नाही. त्याच काळात मॅडमनी भांडून ड्युटी रूमला आतून कडी बसवून घेतली आणि रात्रीच्या रोटेशनमध्ये एक माणूस वाढवून घेतला. झोप मिळायला लागली, तेव्हा कुठे बोलावंसं वाटायला लागलं.

वसईची_केळी | सोमवार, रात्री १:२५

निवासी_डॉक, झोपा आता. आईची शपथ.

निवासी_डॉक | सोमवार, रात्री १:२७

झोपलो.

मनोविचार | मंगळवार, दुपारी २:३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सार्वजनिक रुग्णालयात काम करते. काही गोष्टी सुट्या करते.

जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट' २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात घेतलं, पण आजार म्हणून घेतलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम अशी त्याची नोंद आहे. त्यात तीन गोष्टी दिसतात. अंगातलं त्राण जातं. कामापासून मन तुटतं, मग पेशंटचं नाव जाऊन 'बारा नंबरचा बेड' उरतो. आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटायला लागतं. ही व्याख्या फक्त नोकरीपुरती आहे. घरी आईचं करणारी मुलगी तिच्यात बसतच नाही, कारण घरचं करणं हे काम धरलेलं नाही. घरच्या काळजीवाहकांचा भार मोजायला झॅरिट यांची प्रश्नावली १९८० पासून आहे, नंतर ती बावीस प्रश्नांची झाली. त्यातले प्रश्न वाचताना आमच्या ओपीडीत बायका मध्येच थांबतात. रुग्णाजवळ असताना राग येतो का, असं कुणी विचारू शकतं हेच त्यांना नवीन असतं.

आता रातपाळी, त्या सकाळबद्दल. तुम्ही आदल्या दुपारपासून जाग्या असणार. सतरा ते एकोणीस तास सलग जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया आणि निर्णय हे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखे होतात, असं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्या अवस्थेत तुम्ही एकट्या आईसमोर होतात. मनगटाचं जे झालं ते व्हायला नको होतं, तुम्हालाही ते माहीत आहे. पण ते तुमच्या स्वभावात शोधू नका, तुमच्या रोस्टरमध्ये शोधा. नाईटनंतरचे पहिले सहा तास आईपाशी दुसरं कुणीतरी हवंच, आधी एवढंच ठरवा.

दुसरं आईबद्दल. हे डायपर काढणं एकाएकी वाढलं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. स्मृतिभ्रंशात मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं किंवा एखादं नवीन औषध यामुळे वागणं अचानक बिघडतं, आणि आई ते सांगू शकत नाही. मागून बंद होणारा गाऊन शिवून घ्या, त्याने बरीच घरं वाचलीत.

तिसरं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशात रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, असं असेल तर तो थकवा नाही, त्याला उपचार लागतात. मरण्याचे विचार येत असतील तर आजच बोला. टेलि-मानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. केईएम, नायर, शीव, तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. तुम्ही आजवर आईच्या नावाचे कित्येक केसपेपर काढले असतील. एक स्वतःच्या नावाचा काढा.

रातपाळी | मंगळवार, दुपारी ४:०५

डॉक्टर, लघवी तपासायची मला सुचली नाही. वॉर्डात कुणी आजी अशी वागली असती तर मी सकाळी पहिलं तेच सांगितलं असतं. आज नमुना दिलाय.

स्वतःच्या नावाच्या केसपेपरचं वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

फणसगरा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

वातावरण जरा हलकं करतो. माझे आजोबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. स्मृतिभ्रंश झाल्यावर दुपारी तीनच्या सुमारास उठून दार उघडायचे, "डेपोला उशीर होतो" म्हणून. आई अडवायची, ते हात उचलायचे. मग माझ्या मामाने कुठूनतरी जुना तिकीट पंच पैदा केला. तेव्हापासून दुपारी तीनला आमच्या हॉलमध्ये बस सुटायची. सोफ्यावर आम्ही प्रवासी. आजोबा टिकटिक करत फिरायचे, जुन्या कॅलेंडरच्या कागदांना भोकं पाडून द्यायचे. माझ्या बहिणीने एकदा सुट्टे नाहीत म्हटलं तर तिला पुढच्या स्टॉपला उतरवलं, म्हणजे स्वयंपाकघरात. तासाभरात ट्रिप संपायची आणि ते शांत झोपायचे. तो तास आई डोळे मिटून पडायची. तिची ओव्हर त्या पंचाने घेतली.

दुसरा_मजला | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

स्वयंपाकघरात उतरवलं!! ऑफिसात मोठ्याने हसले.

रातपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

आमची आई मला मुलगी म्हणून ओळखत नाही, पण युनिफॉर्म ओळखते. परवा विचारत होती, "सिस्टर, तुमची ड्युटी सुटायची वेळ झाली ना? घरी आई वाट बघत असेल, निघा तुम्ही." हसू आलं आणि मग बाथरूमचा नळ सोडून उभी राहिले.

सेंट्रल_लाइन | मंगळवार, रात्री ९:२०

ब्युरोची बाई, म्हणजे घरी आजाऱ्याचं करायला एजन्सीकडून येणारी, हा एकच मार्ग आहे, पण त्यावर कुणी बोलत का नाही? आम्ही बारा तासांचे ८५० देतो, ब्युरोचं कमिशन वेगळं. वर्षात सहा बायका बदलल्या. एक फोनवर, एक दुपारी घोरत, एक न सांगता गावाला. राग येतो. एवढे पैसे देऊन पुन्हा आपणच जागायचं.

खाडीपलीकडे | मंगळवार, रात्री १०:१५

सेंट्रल_लाइन, माझी आई ब्युरोत काम करते. कळव्याला राहतो आम्ही. चौदा वर्षं झाली तिला. चोवीस तासांची ड्युटी असते तेव्हा ती पेशंटच्या पलंगाशेजारी चटईवर झोपते आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवायला उठते. महिना-महिना घरी येत नाही. तिने आतापर्यंत अकरा पेशंटचे डोळे मिटलेत. एक आजोबा पाच वर्षं तिच्याकडे होते. ते गेले त्या दिवशी घरच्यांनी तिचा हिशोब करून संध्याकाळी निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी ब्युरोने मुलुंडला नवीन पेशंटकडे पाठवलं. ती बाराव्याला गेली नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आठवडाभर ती आम्हाला त्या आजोबांच्या नावाने हाक मारत होती.

दुपारी घोरणारी बाई कदाचित रात्री दुसऱ्या घरी करून आलेली असते. तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. धागा काळजी घेणाऱ्यांचा आहे म्हणून तिचंही लिहिलं.

सेंट्रल_लाइन | मंगळवार, रात्री १०:४०

मला हे कधी दिसलंच नव्हतं. आमच्या आत्ताच्या ताईंना दुपारी दोन ते चार सुट्टी देतो उद्यापासून, मी वर्क फ्रॉम होम असते तेव्हा. आईंना नमस्कार सांगा.

परळ_टीटी | बुधवार, सकाळी ११:००

मी निवृत्त परिचारिका, १९८४ साली ट्रेनिंगला लागले. केईएममध्ये नव्हते, पण परळलाच.

ओव्हरचा विषय निघाला आणि मला केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग आठवल्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, १८ मे २०१५ ला गेल्या. मधली साडेएक्केचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही. ज्यांनी ते केलं त्यांतल्या कित्येकींचा जन्म हल्ल्यानंतरचा. महापालिकेने त्यांना हलवायचा प्रयत्न केला तेव्हा याच पोरी आडव्या आल्या.

लोक याला त्याग म्हणतात. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. ते एका बाईने केलं नाही. रोज तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला नवे हात, आणि एक बॅच निवृत्त झाली की दुसरी तयार. एकटीवर पडलं असतं तर वर्षभरात ती स्वतः पलंगाला लागली असती, मग ती कितीही मायाळू असो.

अबोली | बुधवार, सकाळी ११:३५

परळ_टीटी, अनुमोदन. पण त्या गोष्टीतला एक भाग नेहमी गळतो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, अरुणांना नीट उपचार मिळावेत आणि स्वतःला कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी म्हणून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर डॉक्टर रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. मधे पन्नास वर्षं गेली. मागणी तीच. घाबरत घाबरत रात्रीची ड्युटी करणाऱ्या मुलीला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी जिन्यातला दिवा लावा.

परळ_टीटी | बुधवार, दुपारी १२:१०

पूर्ण पटलं. आणि माणसं वाढवा. अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका, आयसीयूत एकाला एक, हा निकष भारतीय परिचर्या परिषदेचा. मी एका रात्री एकटीने ४२ पेशंट सांभाळलेत, त्यात जमिनीवरचे वेगळे. अशा रात्री माणूस वाईट बोलतो आणि मग ते आयुष्यभर टोचतं. मी एका बाळंतिणीला जे बोलले ते मला अजून आठवतं.

सातारी_कंदी | बुधवार, रात्री ८:००

मी दवाखान्यातला नाही. २०१९ मध्ये वडिलांना टाटा हॉस्पिटलला आणलं, गाव वाई तालुक्यात. पहिले चार दिवस परळला फुटपाथवर काढले, आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं होती. वडिलांच्या उशाशी फाइल, माझ्या उशाशी चप्पल. नंतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि त्या रात्री मी नऊ तास झोपलो. तिथे स्वस्तात जेवण होतं, पण त्याहून मोठं म्हणजे शेजारच्या खाटेवरचे जळगावचे काका. त्यांची बायको, माझे वडील. आम्ही ठरवून टाकलं, एक दिवस रिपोर्टच्या रांगेत ते, एक दिवस मी, दोघांच्या फाइली घेऊन. ज्याची रांग नाही त्याने दादर चौपाटीवर जाऊन यायचं. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. वडील नाही वाचले, काकांशी अजून फोन असतो.

माटुंगा_रोड | बुधवार, रात्री ९:१५

पुरुष म्हणून लिहितो. बायकोला पार्किन्सन्स, अकरा वर्षं. नातेवाईक मला "केवढं करता हो" म्हणायचे आणि निघून जायचे. तेच मी बायकांच्या बाबतीत ऐकलं नाही कधी, त्यांचं करणं गृहीतच असतं.

मला फायदा झाला तो पार्किन्सन्स सोसायटीच्या सपोर्ट ग्रुपचा. पीडीएमडीएस म्हणतात, मुंबईत २००१ पासून आहे, ठिकठिकाणी गट भरतात, पैसे घेत नाहीत. तिचा व्यायाम चालू असताना आम्ही सोबतचे लोक बाजूला बसायचो. तिथे एकाने मला विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" आजवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं सहा. तो म्हणाला, मी सात. एवढं बोलून आम्ही दोघं चहा प्यायलो.

वसईची_केळी | बुधवार, रात्री ९:५०

माझं सविस्तर राहूनच गेलं, ते आता. नवऱ्याची दारू, बारा वर्षं. त्याचंही 'करणं'च असतं, फक्त ते लपवून करायचं. अल-अनॉन या दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटात गेले, मुंबईत त्यांच्या सभा होतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नवरा दाखल होता तेव्हा तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट होता. तिथे पहिल्यांदा खरं नाव घेऊन खरं बोलले. ठाण्याला आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही कुटुंबीयांचे स्वमदत गट चालतात. आपल्याच आजाराचा गट शोधा, तिथे पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.

गिरणगावकर | गुरुवार, सकाळी ६:१०

मी चार दिवस सगळे प्रतिसाद वाचले. काल बायकोला विचारलं. माझ्या आईला अर्धांगवायू झाला होता, १९९१ ते २०००, नऊ वर्षं. हिने केलं. मी कामावर जायचो, संध्याकाळी आईशेजारी बसून पेपर वाचायचो आणि मला वाटायचं की मी आईचं करतो आहे. हिला विचारलं, तुला त्या वेळी काय हवं होतं गं? मला वाटलं ती काही बोलणार नाही. ती म्हणाली, "रविवारी एकदा माहेरी एकटीला जायचं होतं. राहायला नाही, नुसतं जाऊन यायचं." तिचं माहेर भायखळ्याला. दोन स्टेशनं.

रातपाळी, मी पहिल्या दिवशी लिहिलं ते मागे घेतो. तुमच्या भावंडांत कुणी असेल तर त्याला हे वाचायला द्या.

रातपाळी | शनिवार, रात्री १०:३०

आईच्या लघवीत संसर्ग निघाला. औषध सुरू आहे, दोन दिवसांत पुष्कळ शांत झाली. मागून बंद होणारे दोन गाऊन शिवायला टाकलेत.

गिरणगावकर काका, भाऊ आहे. बोरिवलीला. चार वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं आणि त्याने काही विचारलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद त्याला पाठवला. एक दिवस उत्तर आलं नाही. मग फोन आला, "मला येत नाही गं काहीच, डायपर कसा बदलतात ते पण माहीत नाही." मी म्हटलं, नवीन पोरींना मी २३ वर्षं शिकवतेय, तुलाही शिकवते.

आज सकाळी आला. दोनशे पानी वही आणली मी, वॉर्डात असते तशी. तारीख, वेळ, खाणं, लघवी-संडास, औषधं, झोप, मूड. त्याला आईच्या पलंगाशी उभं करून पूर्ण ओव्हर दिली. त्याने सगळं लिहून घेतलं, खाली सही केली. मी पर्स उचलली. जिन्यात पाय थरथरत होते. कुठे जायचं ते ठरवलंच नव्हतं. मैत्रिणीकडे गेले आणि तिच्या पलंगावर पाच तास झोपले.

संध्याकाळी वहीत त्याच्या अक्षरात होतं: '३:२० – आईने बाबांबद्दल विचारलं. काय सांगायचं कळलं नाही. मी रडलो. तिने डोक्यावर हात ठेवला.'

महिन्यातले दोन शनिवार त्याचे, असं ठरलंय. नाईटनंतरच्या सकाळचा प्रश्न अजून आहे. मंगळवारी स्वतःचा केसपेपर काढायला जातेय, निवासी_डॉकसारखी दोन नावं माझ्याही डोक्यात आहेत, २०२० मधली, पीपीई किटच्या आतून त्यांच्या घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून दिले होते ते. ती कुठेतरी बोलायची आहेत.

निवासी_डॉक | शनिवार, रात्री ११:०५

ताई, शुक्रवारच्या खुर्च्यांत सिस्टरांनाही घ्या, असं काल मॅडमना सांगितलं. हो म्हणाल्या. पुढच्या आठवड्यापासून.

दुसरा_मजला | शनिवार, रात्री ११:२०

रातपाळीताई, मी आता डोंबिवली पूर्वेला राहते, टिळकनगरमध्ये. दुपारपर्यंत घरीच असते. नाईटनंतरच्या सकाळी चटणी वाटायला तुमच्याकडे येऊन बसले तर चालेल का? पाटा नाही, मिक्सर आहे.

रातपाळी | शनिवार, रात्री ११:२४

गुरुवारी नाईट आहे. शुक्रवारी सकाळी या. आई तुम्हालाही सिस्टर म्हणेल.